इंग्रजीला कुणी हसत नाही

मामा गेल्याची तार दुपारी आली. तारेत इंग्रजीत 'एक्स्पायर्ड' असं लिहिलेलं होतं, आणि खरं सांगते, आधी रडू नाही आलं, धास्तीच वाटली. मामांनी हा शब्द पाहिला तर? त्यांना तो मुळीच खपत नसे. "बसच्या पासाची मुदत संपत्ये. माणूस मरतो," असं म्हणून कुणाच्याही दुखवट्याच्या पत्रातून ते तो काढून टाकायला लावीत. तार करणाऱ्या शेजाऱ्यांना बिचाऱ्यांना हे काय ठाऊक! मी कागद हातात धरून दारात उभी, आणि मनात दुसरा शब्द शोधतेय... मग एकदम लक्षात आलं की आता विचारायचं कुणाला? तेव्हा कुठे मी खाली बसले.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ, पंचनदराव. तंजावरच्या एका हायस्कुलात इंग्रजीचे मास्तर. वडील मी लहान असतानाच गेले, म्हणून आई मला घेऊन राजवाड्यामागच्या गल्लीत मामांच्या घरी आली आणि तिथेच राहिली. मामी आधीच गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. इकडच्या वाचकांना सांगायला हवं, की मराठे राजांच्या काळात तिकडे गेलेली आमच्यासारखी पुष्कळ घरं त्या गल्ल्यांतून अजून आहेत. आम्ही घरात मराठी बोलत असू, रस्त्यावर तमिळ आणि शाळा-कचेरीत इंग्रजी. पण आमचं मराठी बोलण्यापुरतंच. देवनागरी वाचता येणारं माणूस गल्लीत शोधून काढावं लागे. मीसुद्धा ही अक्षरं शिकले ती लग्नानंतर, सासूबाईंच्या पुढ्यात बसून. त्यामुळे हा लेख लिहितानाही जीव थोडा मुठीतच आहे.

संध्याकाळी शाळेतून आले, की मामा धोतर, तिकडची वेष्टी, बदलून तिण्णैवर, म्हणजे घराच्या दर्शनी ओट्यावर येऊन बसत. मग एकेक जण यायला लागे. ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीतला एक कारकून रजेचा अर्ज करायच्या आधी विचारून जाई, की ताप आला असेल तर 'सफरिंग फ्रॉम' लिहायचं की 'सफरिंग विथ'. कुणाला सासऱ्यांना पत्र लिहायचं असे आणि शेवटी 'युअर्स फेथफुली' म्हटलं तर चालेल का, असा प्रश्न पडलेला असे. मामा घाबरून म्हणत, "छे छे, ते बँकेस!" मामांची एक रीत होती. शब्दाचा अर्थ ते नुसता कधीच सांगत नसत. विचारणाऱ्याने तो शब्द आपल्या घरातल्या माणसावर बसवून वाक्य करायचं, आणि ते ठीक झालं तरच उठायचं. पलीकडच्या घरातल्या एका सुनेने 'ऑब्स्टिनेट' शब्द विचारला आणि क्षणाचाही विलंब न लावता सासूवर बसवला. सासू आतून ऐकत होती, पण तिला इंग्रजी येत नव्हतं म्हणून बरं. मामा त्या वाक्याला "करेक्ट" म्हणाले आणि मग बराच वेळ अस्वस्थ होते, की आपण भांडणाला इंग्रजी पुरवतो आहोत की काय.

असं ऐकून कुणालाही वाटेल की मामा मोठे ऐटीतले मास्तर असतील. कसली ऐट! इतका धास्तावलेला माणूस मी पाहिलेला नाही. लोक उत्तर घेऊन समाधानाने घरी जात आणि मामांना घोर लागे. आपण सांगितलं ते बरोबर होतं ना? पुढे तो कागद कुणा साहेबाच्या हातात पडेल, साहेब हसेल, आणि त्या गरिबाला कळणारही नाही की साहेब का हसला... जेवताना ते मध्येच थांबत. आई म्हणे, "काय जालें, अण्णा? मीठ कमी अहा काय?" मीठ नव्हे, 'अ‍ॅट' की 'इन' हा घोळ असे. एकदा तिरुवैयारुच्या एका गाणं शिकवणाऱ्या बाईंनी उत्सवाच्या निमंत्रणपत्रिकेसाठी मामांकडून एक ओळ लिहून नेली. दुसऱ्या दिवशी मामांना तिच्यातल्या एका शब्दाची शंका आली. झालं, शाळेला रजा टाकून, नद्यांवरचे पूल ओलांडत, बसने तिरुवैयारु. छापखान्यात उभं राहून त्यांनी तो शब्द बदलून घेतला. परत आल्यावर शब्दकोश उघडला, तर आधीचाही शब्द बरोबरच होता! आई हसून हसून बेजार झाली. मामा मात्र म्हणाले, "बरोबर होता हें मजला तिकडें ठाऊक नव्हतें की."

चुकण्याची ही भीती कुठून आली, ते मला आईने सांगितलं. मामांनी स्वतः कधी सांगितलं नाही. तरुणपणी मामा शिक्षणासाठी पुण्याला गेले होते. गाडीत बसताना केवढे आनंदात, म्हणे, की जिथे रस्त्यावरही मराठी बोलतात अशा गावी निघालो! पहिल्याच दिवशी खानावळीत पंगतीला बसले आणि वाढप्याला आपल्या मराठीत काहीतरी म्हणाले. वाढपी थबकला, शेजारचा हसला, आणि मग पंगतच्या पंगत हसायला लागली. कुणी म्हणालं, बखरीतून उठून आलाय. कुणी त्यांना पुन्हा पुन्हा तेच बोलायला लावलं. पोरंच ती, त्यांच्या मनात काही वाकडं नसेल. पण मामांच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलं. पुण्यात ते पुढे फक्त इंग्रजी बोलले, आणि लोक त्यांना मद्रासी समजून चालले. परत आल्यावर घरात आमच्याशी ते आमचंच मराठी बोलत, पण महाराष्ट्राकडचं कुणी माणूस देवदर्शनाला किंवा राजवाडा पाहायला आलं आणि गल्लीत शिरलं, की मामा इंग्रजीवर जात. समोरच्याला येत असो की नसो.

अशा घरात माझ्यासाठी पुण्याकडचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेत, नेमणूक तिरुचिरापल्लीला. त्याच्या कचेरीत आमचा एक नातलग होता, त्याने सहज सांगितलं, "आम्हीही मराठीच की." मुलाचा आधी विश्वास बसेना. मुलाला वडील नव्हते, तेव्हा सगळं बोलणं पुण्याला असलेल्या त्याच्या काकांकडून व्हायचं होतं. आता गंमत बघा. त्यांना तमिळ लिपी यायची नाही, आम्हाला देवनागरी. म्हणजे दोन मराठी घरांची सोयरीक, आणि पत्रव्यवहार इंग्रजीत! माझं वर्णन लिहिताना मामांच्या नाकी नऊ आले. माझा गव्हाळ रंग इंग्रजीत कसा सांगायचा? 'व्हीटिश' त्यांना आवडेना. "पोर म्हणजे धान्य की काय?" मग 'होमली' लिहिलं. त्यावरही शंका आली, तेव्हा शब्दकोश काढला. आपल्याकडे 'होमली' म्हणजे घरगुती, चांगली; परदेशात त्याचाच अर्थ रूपाने बेताची, असं त्यात निघालं. मामा घामाघूम झाले. शेवटी लिहिलं, ती चांगली मुलगी आहे. एवढ्या साध्या वाक्यासाठी आमच्या घरात आठवडाभर कुणी धड जेवलं नव्हतं.

मुलगा, त्याची आई आणि पुण्याहून आलेले काका मला पाहायला येणार असं ठरलं, आणि मग माझं शिक्षण सुरू झालं. मामा म्हणाले, "रुक्कू, त्यांच्याशीं इंग्लिशांत बोल." आईने विचारलं, "अण्णा, तीं माणसें मराठी की. मराठींत विचारलें तर?" मामा म्हणाले, "तरीही इंग्लिशांतच सांगायचें. आपल्या मराठीस हांसतात. इंग्लिशास कोणी हांसत नाहीं." हे ते अगदी हळू म्हणाले. मग मी दारात कोलम, म्हणजे रांगोळी काढताना पाठ करायची: माझं शिक्षण इतकं, मला संगीताची आवड आहे, मला स्वयंपाक बऱ्यापैकी येतो. त्या 'बऱ्यापैकी'लाही मामांनी तीन वेळा बदललं. फार नम्र झालं तर स्वयंपाक येत नाही असं वाटेल, आणि कमी नम्र झालं तर मुलगी उद्धट वाटेल! मला तर स्वप्नातही इंग्रजी क्रियापदं दिसायला लागली. पण खरी भीती वेगळीच होती. ती मी कुणाला सांगितली नाही. एक दिवसाचं पाहणं मी पाठ करून निभावीन, पण पुढे काय? उद्या मी त्या घरात गेले, तर जन्मभर असंच पाठ करून बोलायचं? आजारी पडले तर? रागावले तर? इंग्रजीत मला रडता येईल का?

ती माणसं आली. बैठकीच्या खोलीत जमखाना घातला होता. आईने केशरी नावाचा शिरा, बोंडा आणि कापी, म्हणजे कॉफी, केली होती. मुलगा खाली मान घालून बसला होता, काका ऐसपैस टेकून. मुलाची आई मात्र अगदी पुढे सरकून, दाराकडे डोळे लावून बसली होती. मी आत येऊन नमस्कार केला, तसा तिचा चेहरा फुलला. ती म्हणाली, "ये बाळ, बस अशी माझ्याजवळ. नाव काय गं तुझं?"

मी म्हटलं, "माय नेम इज रुक्मिणी."

मुलाच्या आईने मुलाकडे पाहिलं. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. मी मामांकडे पाहिलं, मामांनी मान हलवली, चुकलं नाही. मग काकांनी इंग्रजीत शिक्षण विचारलं, मी सांगितलं. गाणं विचारलं, तेही सांगितलं. स्वयंपाकाचं वाक्य तर काय, पाणी वाहावं तसं वाहिलं. काका खूश. पण मुलाची आई माझ्या तोंडाकडे बघता बघता हळूहळू मागे सरकली. तिच्या पुढची कापी तशीच होती. मग ती मुलाकडे वळून हलकेच म्हणाली, "अरे, मराठी मुलगी म्हणाला होतास ना रे? तुझ्याकडे आल्यापासून भाजीवालीशी बोलायची सोय नाही मला. हातवारे करून करून दिवस काढतेय. वाटलं, निदान सून तरी... मी हिच्याशी जन्मभर काय बोलू?"

ती हळू बोलली, पण आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं. आणि कळलंही. काही केलं तरी ते मराठीच होतं. मला तिला सांगायचं होतं, की अहो, मलाही हीच भीती आहे, अगदी हीच! पण ते सांगणार कशात? इंग्रजीत तिला कळलं नसतं, आणि आमच्या मराठीत तोंड उघडायला माझी जीभ रेटेना. दाराआड आईचा श्वास ऐकू येत होता. एवढ्यात मामा उठले. मला वाटलं, आता ते काहीतरी कारण सांगून माणसांची बोळवण करणार. ते खोली ओलांडून गेले आणि त्या बाईंच्या समोर, जमखान्यावर, मांडी घालून बसले. कोट घातलेला, डोक्याला पागोटं, कपाळावर घाम. त्यांनी हात जोडले आणि आमच्या मराठीत बोलायला सुरुवात केली.

"अम्मा, माझी भाची मुकी नव्हें की. ती बेस बोलत्ये. मीच तिला नक्को म्हटलें. अम्चें मराठी असें अहा, तुम्हांस हांसूं येईल. हांसा. पण आधीं मजला हांसा, मग तिला."

काकांना हसू आवरलंच नाही. ते पोट धरून हसले. मुलाने तोंड फिरवलं. मामांचे कान लालभडक झाले, पण ते थांबले नाहीत. रुक्कू पालीला भित्ये, तिला डांगर पच्चडी बेस करतां येते, रागावली की जेवत नाहीं, आणि मनांत कांहीं ठेवतां येत नाहीं, असं सगळं ते सांगत राहिले. त्या पत्रात आठवडाभर खपून जे लिहिता आलं नव्हतं ते. ज्या माणसाने एका शब्दासाठी बस पकडून तिरुवैयारु गाठलं होतं, तो माणूस एकामागून एक, एकामागून एक, हसण्याजोगी वाक्यं त्या परक्या माणसांपुढे ठेवत होता. त्या बाईंनी आधी पदर तोंडाला लावला. मग त्याही हसल्या. मग त्यांनी पदर बाजूला केला आणि विचारलं, "आणि डांगर पच्चडी म्हणजे काय हो?" मामांनी सांगितलं, उडीद डाळ भाजून तिचें पीठ, दह्यांत. त्या म्हणाल्या, "अगं बाई, म्हणजे आमचं डांगरच की!" आमच्या बोलण्यात घडोघडी येणारा 'की' त्यांच्याही तोंडून आला, तसे दोघंही थांबले, आणि या वेळी मामाही हसले. मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तू गं? तूही अशीच बोलतेस?"

मी म्हटलं, "होय. अशींच बोलत्यें."

त्यांना पुन्हा हसू आलं, आणि हसता हसताच त्यांनी माझा हात हातात घेतला. त्या हसण्यात मला भीती वाटली नाही, एवढं मला आठवतं. मग त्यांनी ती गार झालेली कापी एका दमात पिऊन टाकली.

पाहुणे स्टेशनाकडे गेल्यावर मामा परसात विहिरीवर उभे होते. बादलीमागून बादली ओढून तोंड धूत होते, कोट न काढताच. मी जवळ गेले तेव्हा वर न पाहता त्यांनी विचारलं, "रुक्कू, फार हांसले काय?" मी म्हटलं, "थोडें, मामा." ते म्हणाले, "बरें." आणि आणखी एक बादली ओढली. मला वाटतं, त्या दिवशी परत एकदा ते त्या पुण्यातल्या पंगतीत बसले होते. फरक इतकाच, की या वेळी आपण होऊन बसले होते. होकार पुढच्या आठवड्यात आला. तो इंग्रजीतच होता, आणि त्यात एक चूक होती. मामांनी ती पाहिली आणि कुणाला दाखवली नाही.

पुढे ह्यांची बदली झाली आणि आम्ही पुण्याला आलो. मामा मला इंग्रजीत पत्रं लिहीत, मराठीची लिपी त्यांना कधी आलीच नाही. एकदाच ते आमच्याकडे आले. पुण्यात उतरायला त्यांना केवढं बळ एकवटावं लागलं असेल, ते मला त्यांचा चेहराच सांगत होता. शेजाऱ्यांशी इंग्रजी, दुकानदाराशी इंग्रजी, काकांशी तर कटाक्षाने इंग्रजी. मराठी फक्त माझ्याशी आणि सासूबाईंशी. सासूबाई आपलं काम टाकून त्यांच्यासमोर बसत आणि खोदून खोदून बोलायला लावीत. मला धास्ती वाटे, की मामांना ती खानावळ आठवेल. पण ते सांगत राहात. निघताना सासूबाईंना म्हणाले, "अम्मा, रुक्कूचें बोलणें बदलत चाललें. तुमच्यासारखें होतें. बेस जालें." बेस जालं म्हणाले खरे, पण गाडी सुटेपर्यंत माझ्याकडे बघेनात.

आई चार वर्षांपूर्वी गेली, आणि आता मामा. तार आली तेव्हा मी एकटीच तंजावरला गेले. विधी झाले, भाड्याचं घर मालकाच्या ताब्यात दिलं. गल्लीतली माणसं तिण्णैवर येऊन बसली, माझ्याशी बोलली, आणि मी उत्तर द्यायला लागले तर शेजारच्या म्हाताऱ्या आजी हसल्या. म्हणाल्या, "रुक्कू, तूं पुण्याची बोलतीस की!" म्हणजे इकडे मी तंजावरची, आणि तिकडे पुण्याची. परतीच्या गाडीत सबंध दिवस मी ओठांतल्या ओठांत जुनी वाक्यं जुळवत होते. काही आठवली, काही अर्ध्यावर तुटली. आता ती दुरुस्त करून घ्यायला कुणी नाही, या विचाराने मी इतकी घाबरीघुबरी झाले, की समोरच्या बाईंनी पाणी दिलं. माझ्या लेकीला त्यातलं एक अक्षर येत नाही. तिची चूक नाही, मीच तिच्याशी कधी बोलले नाही... तिलाही कुणी हसेल म्हणून.

घरी पोचले. पिशवी ठेवली, तोंड धुतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसले. रडू तिथेही येईना. सासूबाई शेगडीपाशी होत्या. त्यांनी माझ्यापुढे पेला ठेवला, स्वतः माझ्यासमोर मांडी घालून बसल्या, घसा साफ केला, आणि मनात घोकून ठेवलेलं म्हणावं तसं सावकाश म्हणाल्या, "रुक्कू की, कापी पितीस की? नक्को म्हणूं नक्को की. मामा बेस माणूस अहा की."

शब्दागणिक 'की' लावत होत्या. एकही वाक्य सरळ नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे काळजीने बघत विचारलं, "बरोबर बोलले का गं?"

"बरोबर," मी म्हटलं, आणि मग मात्र मला रडू आलं.